पाच नंबरचा पाय

कारखान्यात बायकांचा कोणताही नवा बूट आधी एकाच मापात बनतो, पाच नंबरच्या. तो पळून पाहिला जातो, सुधारला जातो, पुन्हा पळून पाहिला जातो आणि पास झाला की मगच त्यावरून लहानमोठी मापं निघतात. म्हणून बूट पळून पाहायला जी बाई ठेवायची तिचा पाय पाच नंबरचा असावा लागतो. ती किती जोरात पळते हे नंतरचं.

तिला नोकरी लागली ती अशी, पायाच्या मापावर. मुलाखतीला तिनं शर्यतींच्या प्रशस्तिपत्रांची पिशवी नेली होती. ती कुणी उघडली नाही. "मोजे काढा," एवढंच सांगितलं. लाकडी पट्टीवर पाय ठेवला, टाच मागे टेकवली, पुढची सरकपट्टी अंगठ्याला येऊन लागली आणि माप घेणारे साचेमास्तर खूश होऊन म्हणाले, "हा पाय बघा. पाच म्हणजे पाच. मी कोरला असता तर असाच कोरला असता."

बूट ज्यावर बेततात ते पायाच्या आकाराचे साचे करणं हे मास्तरांचं काम. त्यांनीच पुढे तिचं नाव 'पाचवी' ठेवलं. "पळणं हिच्या पाचवीलाच पुजलेलं आहे," हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आणि तो हसेपर्यंत थांबत. हळूहळू सगळा विभाग तिला पाचवी म्हणू लागला. एकदा तिच्या खऱ्या नावानं पार्सल आलं, तर फाटकावरच्या रखवालदारानं 'अशी कुणी इथे नाही' म्हणून ते परत पाठवलं.

या नोकरीपर्यंत ती बरेच वळसे घेऊन आली होती. लहानपणापासून तिला पळायला आवडे; जिंकायला नव्हे, पळायला. हा फरक घरी कुणाला पटला नाही. "आवड ठीक आहे गं, पण पळून पोट कसं भरणार?" हे दादा, तिचा थोरला भाऊ, तेव्हापासून विचारत आला होता. तिनं एकेक करून पाहिलं. शाळेत खेळाची शिक्षिका झाली; तिथे पळायची मुलं आणि शिट्टी वाजवायची तिनं. व्यायामशाळेत लोकांना यंत्राच्या पट्ट्यावर पळायला शिकवलं. समोर भिंत, बाजूला आरसा. वकिलांच्या एका कचेरीत तातडीचे कागद पायी पोचवायचं काम मिळालं. ते तिला मनापासून आवडलं आणि नेमकं तेच आधी बंद पडलं, कारण कागदच फिरायचे थांबले. मग एका बड्या व्यापाऱ्यानं तिला सकाळी सोबत पळायला ठेवलं. त्याला पळायला सोबत नको होती, ऐकायला माणूस हवं होतं. तो धापा टाकत भागीदारांना शिव्या द्यायचा आणि चढ आला की उभा राहून उरलेल्या द्यायचा.

"ही तर उभं राहायची नोकरी झाली," दादा म्हणाला होता. "त्यापेक्षा बँकेत रांगेत उभी राहा, निदान पंखा असतो."

बुटांच्या कारखान्यात मात्र खरंच पळायचं होतं. सकाळी मागच्या फाटकातून निघायचं. कालव्याच्या काठची मातीची वाट, गोदामांचा काँक्रीटचा रस्ता, पुलाचा चढ, पलीकडची खडी आणि त्याच वाटेनं परत. वाट बदलायची नाही, वेग बदलायचा नाही, गाणी ऐकायची नाहीत. सोबत कुणी घ्यायचं नाही; बोलत पळणाऱ्याचं पाऊल वेगळं पडतं आणि त्याचं लक्ष पायात राहत नाही. बूट बिननावाचे असत, आणि बहुतेक वेळा डावा एका घडणीचा तर उजवा दुसऱ्या, म्हणजे तुलना करता येते. कालव्यावर फिरायला येणाऱ्या एका आजोबांना ही गोष्ट फार लागून राहिली होती. "अहो बाई, अंधारात घातलेत का बूट?" ते ओरडून विचारायचे. ती हात हलवून पुढे जायची. थांबून सांगायची परवानगी नव्हती. पुढे आजोबा यायचे बंद झाले. काय झालं हे कुणाला विचारावं, तर तिला त्यांचं नाव माहीत नव्हतं की घर.

परत आल्यावर विभागातल्या मोठ्या टेबलाशी उभं राहून बूट कसा वाटला ते सांगायचं. इथे मात्र सगळे तिच्या तोंडाकडे बघून ऐकत. बूट चावतो, बूट धरतो आणि बूट दाबतो या विभागात तीन वेगळ्या तक्रारी होत्या. चावणारा बूट एकाच जागी चावतो. तो शिवणीचा दोष. धरणारा वरून आवळतो. तो नाडीचा किंवा कापडाचा. दाबणारा सगळीकडून हळूहळू जवळ येतो, आणि तो साच्याचा. ती 'दाबतो' म्हणाली की मास्तर फार न विचारता साच्याच्या पुढच्या अंगाला कागदाएवढा लेप चढवत, तो वाळला की घासत, आणि त्यावर बेतलेला बूट पुन्हा तिच्या पायात चढवत.

"आता?"

"आता बसला."

विषय संपला. बूट आणि पाय यांचं भांडण झालं तर चूक बुटाची, हा तिथला नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती.

पळून झालेले बूट तिला मिळत नसत. ते करवतीनं उभे चिरून आतून तपासले जात. घरी तिच्याकडे रबरी चपला होत्या, बस्स. सुट्टीच्या दिवशी ती पळत नसे. उगाच पाय मुरगळला तर कारखान्यातले बूट खोळंबायचे. त्या दिवशी ती उशिरापर्यंत खिडकीत बसे, समोरच्या इमारतीतली माणसं आपापले कपडे वाळत घालताना बघे आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वाट पाही. लग्न, मुलं, मैत्रिणी यांतलं काही तिनं ठरवून टाळलं नव्हतं. सकाळी पळून आल्यावर दिवस उरतो तो पाय सांभाळण्यातच जातो, इतकंच.

*

तक्रारी आधी एकेक आल्या, मग पोत्यांनी. बूट सैल आहे, टाच निसटते, बोटांपुढे जागा राहते. एका बाईनं चिठ्ठी जोडली होती: 'नेहमीच्या मापाचा घेतला तर आत आणखी एक माणूस राहील एवढी जागा आहे.' आणि हे एका मापाचं नव्हतं. लहान, मोठे, सगळेच नंबर परत येत होते.

विभागप्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कपाटातून पाच नंबरचा पहिला साचा काढला, सध्याचा शेजारी ठेवला आणि मास्तरांना बोलावलं. पाचवी नुकतीच पळून आली होती. ती घाम पुसत टेबलाच्या टोकाला उभी होती.

"मास्तर, हे काय आहे?"

"साचा."

"ते मलाही दिसतंय. हा सुजलेला का आहे?"

मास्तरांनी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक असे दोन्ही साचे उचलले. "एकदम नाही सुजलेला," ते म्हणाले. "दर वेळी थोडा थोडा. पाचवीनं दाबतो म्हटलं की लेप."

"दाबतो तर कापड बदला, शिवण बदला. मूळ मापाला हात लावायला कुणी सांगितलं?"

"दाबतो म्हणजे साचाच, मॅडम. आपल्याकडे तसंच आहे."

"कुठे आहे तसं?"

मास्तरांनी पाचवीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दाबतच होता, मॅडम. प्रत्येक वेळी."

"तुम्हाला मी काही म्हणत नाहीये. पाय कशाला खोटं बोलेल?" मॅडम म्हणाल्या. "लेप किती चढवायचा हे हातावर असतं. हात सैल सुटलाय."

मालकांची बैठक शनिवारी होती. साच्यांचं काम बाहेर, यंत्रावर द्यायचं आणि मास्तरांना मोकळं करायचं, असं मॅडम तिथे मांडणार होत्या. मास्तरांना निवृत्तीला अजून अवकाश होता. त्यांच्या बाजूनं काही सांगायचं असेल तर तोवर सांगा, असं त्या म्हणाल्या. तोवर जुन्या साच्यावर एक बूट बेतून पाचवीला पळवायचं ठरलं.

दोघं बाहेर आली तेव्हा मास्तर हाताची बोटं उघडझाप करत होते.

"असेल बाई चूक," ते म्हणाले. "वय झालं की बोटांना जाडी कळत नाही म्हणतात. घरी चहाचा कपसुद्धा परवा सुटला."

"कप कुणाचाही सुटतो."

"तू म्हणालीस ना दर वेळी दाबत होता? मग दाबत असणार. तुझ्या पायावर माझा माझ्या हातापेक्षा भरवसा आहे. पण मी जरा जास्तच चढवला असेल."

आपला पाय चुकू शकतो हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

*

मधल्या एका सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे जेवायला गेली. जेवणानंतर वहिनीबरोबर खाली दुकानात निघाली तर जिन्यात तिच्या रबरी चपलेचा पट्टा तुटला.

"असू दे, माझा सँडल घाल," वहिनी म्हणाली. "तो बघ दाराशी, तपकिरी."

नणंद-भावजयीचं दुसरं काही जुळत नसलं तरी पाय जुळत होते. वहिनी घरात आली तेव्हापासून दोघी एकमेकींच्या चपला घालत आल्या होत्या. निदान पूर्वी, ती इथे राहत होती तेव्हा. तिनं सँडलमध्ये पाय घातला. टाच मागे बाहेर आली. टाच आत घेतली तर बोटं पुढून लोंबायला लागली.

"सुजलाय का गं पाय?"

"नाही."

"मग माझा सँडल आटला म्हणायचा?"

दादा आतून बाहेर आला, खाली वाकून बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "अगं, लोक पळून पुढे जातात. हिचा नुसता पायच गेला!"

वहिनी हसली, मुलं हसली. तीही हसायला गेली, पण तिची नजर खाली, बोटांवर होती. अंगठा सँडलच्या काठाबाहेर चांगला आला होता.

संध्याकाळी ती बाजारातल्या एका बुटांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं स्टूल पुढे सरकवलं.

"कोणतं माप?"

"पाच."

"मागचे बूट कधी घेतले होते?"

हे तिला सांगता येईना. विकत घेतलेला शेवटचा बूट कोणता, हेच आठवत नव्हतं. दुकानदारानं पट्टी आणून पाय त्यावर ठेवला. "पाच नाही हो. साडेपाचच्याही पुढे. सहा घ्या."

"पुन्हा बघता?"

त्यानं पुन्हा पाहिलं.

"दुसऱ्या पायाचं घ्या."

"घेतो. पण बाई, पट्टी तीच आहे नि पाय तुमचेच आहेत." त्यानं दुसरं माप घेतलं आणि मान हलवली. "वापर झाला की कमान बसते, पाय पसरतो. सगळ्यांचंच होतं. बायका एक वेळ वय सांगतील, पण पायाचं माप वाढलं म्हणून कबूल करणार नाहीत. दाखवू का सहाचे?"

ती काही न घेता बाहेर आली.

घरी जाईपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. कारखान्यात बूट कुठे किती वाकतो हे यंत्रानं मोजत, तळ किती झिजला हे मोजत; तिचा पाय त्या पहिल्या दिवसानंतर कुणी मोजला नव्हता. बूट दर वेळी दाबत होता ते खरंच होतं. पण बूट होता तिथेच होता. पाय पुढे येत होता आणि मास्तर त्याला जागा करून देत होते. ती दुसरे कोणतेच बूट घालत नसल्यामुळे तिला कळायला वाव नव्हता. आणि पाचावरून चार निघतो, सहा निघतो, सात निघतो. कुठकुठल्या अनोळखी बायका तिच्या पायाला जागा व्हावी म्हणून सैल झालेल्या बुटांत टाचा सांभाळत चालत होत्या.

हे सांगितलं तर मास्तर सुटत होते. आणि पाच नंबरचा पाय नाही म्हणजे तिला पळायचं काम उरत नव्हतं. तिच्या वयात कोणता दुसरा कारखाना पळायला ठेवणार? न सांगितलं तर कुणी तिचा पाय मोजायला येणार नव्हतं.

*

जुन्या साच्यावर बेतलेला बूट दोन दिवसांनी तिच्या पायात आला. नाडी बांधतानाच तिला कळलं. कालव्याच्या मातीत तो सोसला. गोदामांच्या रस्त्यावर बोटं एकमेकांवर चढली. पुलाच्या उतारावर प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख बुटाच्या नाकाशी जाऊन आपटत होतं आणि तिनं वेग बदलला नाही. खडीवरून वळून परत येताना ती एवढाच विचार करत होती की माणूस याला सरावू शकतं. पुष्कळ बायका आयुष्यभर लहान चपलांत चालतात. तिला तर सकाळी एक फेरी मारायची.

टेबलाशी मॅडम होत्या, मास्तर होते.

"कसा आहे?" मॅडमनी विचारलं.

"बसला," ती म्हणाली.

"दाबत नाही?"

"नाही."

मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे पहिला साचा बरोबरच होता. इतकी वर्षं उगाच लेप चढत राहिला." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. तसं न पाहण्यात त्यांचा चांगुलपणा होता.

मास्तर मात्र पाचवीकडेच बघत होते. "बसला?" त्यांनी विचारलं. "पुढून पण?"

"पुढून पण."

"मग गेलाच माझा हात." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, पाऊस थांबला म्हणावं तसं. आपल्या बाकावर गेले, साचे घासायच्या कानशी एकेक करून फडक्यानं पुसल्या आणि त्याच फडक्यात गुंडाळायला लागले. शनिवारची वाट बघायची त्यांना गरज वाटली नाही. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, अहो, आजच्या आज कशाला," तर ते म्हणाले, "ज्या हाताला जाडी कळत नाही त्यात कानस ठेवू नये, मॅडम. उद्या कुणाचं बोट जायचं."

ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. नळाखाली पाय धरून ती बसली. शेजारच्या खोलीत कानशींचा आवाज येत होता, एकावर एक ठेवल्याचा. मग तो थांबला.

ती तशीच, एका पायात बूट आणि एक पाय ओला, बाहेर आली.

"मॅडम, माझं माप घ्या."

"कशाचं?"

"पायाचं. मास्तर, पट्टी कुठे आहे?"

मास्तरांनी गुंडाळलेलं फडकं खाली ठेवलं. पट्टी त्यांच्या बाकाखालीच होती, तिच्यावर धूळ होती. ती त्यांनी बाहीनं पुसली, जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकून बसले. त्यांनी सरकपट्टी आणली, अंगठ्याशी थांबवली. मग चष्मा वर करून पुन्हा पाहिली.

"किती?" मॅडमनी विचारलं.

तीच म्हणाली, "सहा. दोन्ही. बाहेर दुकानातही बघून आले." आणि पुढे म्हणाली, "पाचवी नापास."

कुणी हसलं नाही.

"आत्ता तर बसला म्हणालीस," मास्तर म्हणाले. ते अजून खालीच बसले होते आणि त्यांची नजर काळ्या नखावर होती.

"दाबत होता."

"मग बसला का म्हणालीस?"

"दाबतो म्हणाले असते तर उद्यापासून पळायला मिळालं नसतं."

मास्तर उठले. उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला, तिनं पुढे केलेल्या हाताचा नाही.

*

साच्यांचं काम बाहेर गेलं नाही. मॅडमनी मालकांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण मास्तरांच्या कानशी बाकावर परत लागल्या. दर वर्षीचे सुजलेले साचे एका ओळीत मांडून ठेवले होते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, भंगारात जायचे म्हणून. ती तिथून जाताना मास्तर म्हणाले, "बघून घ्या. सगळे तुमचेच आहेत."

तुमचेच. त्या दिवसापासून ते तिला अहोजाहो करायला लागले होते. 'पाचवी'ही म्हणत नव्हते, नुसतं 'बाई' म्हणत. रागावलेत असं म्हणायला जागा नव्हती. चहाच्या वेळी कप तिच्याकडेही सरकवत. पण त्या दिवशी आपण कानशी गुंडाळत असताना ही आत नळाखाली पाय धरून बसली होती, हे त्यांच्या डोळ्यांतून जात नव्हतं, आणि ते जावं असं तिला काही सुचत नव्हतं.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "नमुना पाच नंबरचाच निघणार. त्याला मी काय करू, सांगा? पण तुम्हाला सोडायचं नाहीये. बाहेरून बूट वापरणाऱ्या लोकांचे अभिप्राय येतात, ते कॉम्प्युटरवर वाचून त्यातलं कामाचं वेगळं काढायचं. तुमच्याइतकं ते कुणाला कळणार?"

"बसून?"

"बसून," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते कसंसं वाटलं असावं. "दुपारी जरा फिरून येत जा."

दादाला फोनवर सांगितलं तर तो एकदम खूश झाला. "अरे वा! म्हणजे शेवटी खुर्ची मिळाली म्हण की. पंखा आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! आता निवांत बस. फार पळालीस." थोडं थांबून त्यानं विचारलं, "काय गं, आवाज का असा येतोय?"

"कसा?"

"चालताना बोलतेयस का?"

ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होती. "नाही रे, बसलेय," ती म्हणाली.

पाच नंबरच्या पायाची नवी बाई महिन्याच्या सुरुवातीला रुजू झाली. तिशीच्या आतली, गालाला खळ्या, सतत काहीतरी बोलणारी. तिचं माप मॅडमनी स्वतः घेतलं आणि यापुढे दर हंगामाला घ्यायचं असं ठरवलं. वाट दाखवायला म्हणून एक दिवस दोघींनी बरोबर पळायचं होतं. आदल्या संध्याकाळी पाचवी बाजारातल्या त्याच दुकानात जाऊन सहा नंबरचे बूट घेऊन आली.

मागच्या फाटकातून दोघी निघाल्या. तिनं दोनतीन गोष्टी सांगितल्या: कालव्याच्या वळणावर माती बाहेरच्या अंगाला उतरती आहे, गोदामापाशी गाड्या मागे न बघता मागे येतात, खडीवर पाऊल लांब टाकायचं नाही. नवी 'हो ताई, हो ताई' करत होती. मग नवीनं विचारलं की पुलाच्या चढावर जीव जात नाही का, आणि ती म्हणाली जातो, पण एका व्यापाऱ्याबरोबर पळायचे तेव्हा तो चढावर उभा राहून शिव्या द्यायचा, त्यामानानं हे बरं. नवी एवढी हसली की तिचं पाऊल चुकलं. मग व्यापाऱ्याच्या भागीदारांच्या गोष्टी निघाल्या, शाळेतल्या शिट्टीच्या निघाल्या, नवीच्या सासूची निघाली, जी सून कारखान्यात 'पायपीट' करते म्हणून शेजारपाजारी सांगत होती. पुलावर दोघींची पावलं एकत्र पडत होती आणि दोन माणसांच्या पावलांचा आवाज एका माणसाच्या दुप्पट नसतो, काहीतरी वेगळाच असतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं. परतीची वाट फार लवकर संपली.

टेबलाशी मॅडम आणि मास्तर उभे होते.

"कसा आहे?" मॅडमनी नवीला विचारलं.

नवीनं खाली बुटाकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. "खरं सांगू का, मॅडम? लक्षच नव्हतं."

मास्तर साचा उलटसुलट करून बघत राहिले. नवी तिच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. उद्यापासून मी एकटीच जाते. बोलताना पाय कळतच नाही हो."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तेच सांगणार होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉम्प्युटरसमोर बसायला बराच वेळ होता तेव्हा, ती आपले बूट घालून घरातून खाली उतरली. कालव्यावर नवी असणार. तिकडे जाऊन तिला ओलांडणं किंवा तिच्या मागे राहणं, दोन्ही बरं नव्हतं. तिनं दुसरी दिशा धरली. वेग किती ठेवायचा हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, म्हणून आधी जोरात पळाली, मग हळू, मग पुन्हा जोरात. मोठ्या चौकात आली तेव्हा लाल दिवा होता. ती जागच्या जागी पळत राहिली. चार रस्ते होते आणि चारही तिनं फक्त बसच्या खिडकीतून पाहिले होते. दिवा हिरवा झाला, माणसं पलीकडे गेली. पुन्हा लाल झाला. शेजारी येऊन थांबलेल्या दूधवाल्यानं सायकलवरून विचारलं, "काय ताई, कुठे जायचंय?"

"ठरवतेय," ती म्हणाली. तिचे पाय चालूच होते.